नववी खुंटी

बटण दाबलं.
पंखा फिरला, दोन गिरक्या, तीन,
आणि मान टाकली त्यानं.
परत दाबलं. परत तेच.
काळ्या स्क्रीनवर 'सिग्नल नाही' एवढंच
या कडेला धडकून त्या कडेला जात राहिलं.

बोर्ड राजारामपुरी सातव्या गल्लीतला, इम्तियाज बागवानकडचा,
जुना, पण "ताई, एक नंबर चालू".
कॅबिनेट एका बंद पडलेल्या सायबर कॅफेचं,
बाजूला अजून 'मशीन ४' असं खडूनं लिहिलेलं.
रॅम तेवढी कोरी, हप्त्यावर.
यावर मी कास्टिंगची ड्रॉइंगं काढणार होते.
सोमवारी पहिलं द्यायचं होतं.

रॅम उपसली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले,
या खाचेतून त्या खाचेत.
प्रोसेसरची वायर दाबून बघितली, टक् झालं, म्हणजे बसलेलीच होती.
आठ आण्याएवढा सेल नखानं उचकटला,
शंभरपर्यंत मोजलं, घाईत दोनदा चुकले,
परत बसवला.
गिरक्या तीनच.
बागवानला फोन. "माझ्या इथनं चालू गेलाय, ताई."
आईनं दारातनं विचारलं,
हप्ते किती ऱ्हायल्यात.

अकराला आण्णा उठून आले. झोपले नव्हतेच.
उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
लेथ शिरोलीला गेल्यापासून
रात्री छताचा पंखा ऐकत पडून असतो.
पेचकसाचं टोक त्यांनी चौकटीला टेकवलं,
मूठ कानाला.
"दाब."
दाबलं.
"बेरिंग चांगलं हाय. परत."
परत.
"हे दमून थांबत न्हाई, पद्मे. भिऊन थांबतंय.
कुठंतरी चटका बसाय लागलाय त्येला.
सगळं उतरीव. बिनभाराचं चालवून बघूया."
"उतरवतो की," मी म्हणाले.

गुळाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला,
त्यावर बोर्ड, उघडा.
डिस्क नाही, डबा नाही, बटणसुद्धा नाही.
नुसत्या दोन पिना.
आण्णांच्या उजव्या अंगठ्याला वरचं पेर नाही,
तरी पेचकस दोन्ही पिनांना एकदम लागला,
जरासुद्धा न थरथरता.

फिरला. तीन. चार. सात.
मोजायचं सोडलं.
बोर्ड एकदाच, बारीक आवाजात, बीप म्हणाला.
बाहेर कुत्रं भुंकलं,
किंवा आधीपासनंच भुंकत असेल.

मग दोष डब्यात.
आण्णांनी कॅबिनेट आडवं केलं, मी मोबाइलचा उजेड धरला,
आतल्या पितळी खुंट्यांवरनं त्यांनी बोट फिरवत नेलं.
बोर्डाला भोकं आठ.
खुंट्या नऊ.
नववी कुणीतरी कधीतरी
दुसऱ्याच कुठल्या बोर्डासाठी पिळलेली,
आता काहीच धरत नव्हती,
नुसती पाठीला टोचत होती.
पान्यानं काढली. उजेडात आटे बघितले.
"पितळ बरं हाय. आटे घाईत पाडल्यात."
आणि खिशात टाकायला गेले,
बनियनला खिसा नव्हता.

दीडला स्क्रीन उजळली.
सेल काढल्यामुळं घड्याळ मागं पळालेलं:
एक जानेवारी दोन हजार सतरा,
रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.
तारीख दुरुस्त करा, म्हणत होतं.
मी कीबोर्डवर बोट ठेवलं.

आण्णा चष्म्याशिवाय पुढं वाकले.
"सतरा," म्हणाले.
"सतराला दोन शिफ्ट चालायच्या आपल्याकडं."
मी बोट तसंच ठेवलं.
"जरा ऱ्हाऊ दे."

बारा पाच. बारा सहा.
आई आतनं म्हणाली, लाईट घालवा आता.
आण्णा खुंटी चिमटीत फिरवत होते,
उलटी, सुलटी,
बसवल्यासारखी, काढल्यासारखी.
बारा सात.